साताऱ्यात ज्यु-जित्सू कुठं शिकायचं? सध्या पुस्तक आणि मावसभाऊ यांच्यावर भागवतोय

कोडोलीचा_पोरगा

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच काहीतरी विचारतोय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी साताऱ्यात कोडोलीत राहतो, वय २७, एमआयडीसीत शिफ्टचं काम. शाळेत असताना चार वर्षं तालमीत जायचो, मग दहावी आली, मग आयटीआय, मग नोकरी, मग पोट. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मोबाईलवर फाईट बघता बघता १९९३ ची ती पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या मारामारीवाल्यांची पिंजऱ्यातली स्पर्धा, सापडली. त्यात रॉयस ग्रेसी म्हणजे पांढऱ्या किमोनोतला काडी पैलवान, आमच्या तालमीत आला असता तर वस्तादांनी आधी सहा महिने दूध पी म्हणून घरी लावून दिला असता, त्यानं एका रात्रीत तिघांना हरवलं आणि ते पण ठोसे मारून नाही, धरून, खाली घेऊन. तेव्हापासून ह्या ब्राझिलियन ज्यु-जित्सूचा, म्हणजे खाली घेऊन आवळायच्या-पिरगाळायच्या खेळाचा, डोक्यात किडा शिरलाय.

गावातच एका ठिकाणी कराटे, ज्यु-जित्सू, सेल्फ डिफेन्स असा बोर्ड बघून तीन महिने जाऊन आलो. तीन महिन्यांत एकदाही कुणी कुणाला खरं धरलं नाही. एकानं मनगट धरायचं, दुसऱ्यानं सोडवायचं, धरणारा आपणहून पडणार, मग टाळ्या. तिसऱ्या महिन्यात पट्ट्याची परीक्षा, तिची फी वेगळी, सर्टिफिकेटची वेगळी, फोटोची पण वेगळी. सोडलं.

मग पुण्यातून एक जुनं पुस्तक आणलं, साउलो रिबेरोचं जिउ-जित्सू युनिव्हर्सिटी. इंग्रजी आहे पण फोटो भरपूर, त्यामुळं अडत नाही. गच्चीवर दोन गाद्या, त्यावर आईची सतरंजी, समोर मावसभाऊ, आणि पुस्तक विटेखाली दाबलेलं. यवतेश्वराकडनं वारा आला की पान उलटतं, मग डाव्या हाताचं चालू होतं ते भलत्याच पानावरच्या उजव्या पायात घुसतं. पान धरायला तिसरा माणूस पाहिजे खरं तर. पुस्तक शेवटाकडनं सुरू केलं, कारण हात मोडायचे आणि गळे आवळायचे प्रकार तिकडं आहेत. मागच्या रविवारी किमुरा, म्हणजे हात पिरगाळायचा डाव, लावताना भावाचा खांदा कट्ट करून वाजला. आता त्याला दंड वर नेताना दुखतंय आणि मावशीनं मला घरी यायची बंदी केलीय.

तर विचारायचं असं की साताऱ्यात किंवा जवळपास खरं शिकवणारं कुणी आहे का, का पुण्यालाच जावं लागेल, स्पर्धेत नवख्यानं किती दिवसांनी उतरावं, आणि पुस्तकावरून शिकता येतं का मी उगाच टाइमपास करतोय. वजन ६९ किलो.

कृष्णाकाठचा_गडी

भावा आधी हे सांग, चार वर्षांची कुस्ती अंगात असताना तू गच्चीवर वीट ठेवून पुस्तक काय वाचत बसलायस? तालमीत जा की परत. साताऱ्यात तालमी काय कमी हायत का? २०२२ ची महाराष्ट्र केसरी तुमच्याच शाहू स्टेडियमला झाली, आम्ही सांगलीतनं गाडी करून आलेलो.

मी मिरजेचा, लहानपणापासनं मातीत. आमच्या जिल्ह्यात कुंडलचं मैदान आसतंय, कवठेपिरानच्या मारुती मानेंचं नाव ऐकून आम्ही मोठे झालो, त्यामुळं हे जपानी ब्राझिली काय बघायची गरजच वाटली नव्हती कधी. गळा आवळायचा आणि हात पिरगाळायचा ह्यात पुरुषार्थ कसला, असंच म्हणायचो. मॅटवरच्या कुस्तीत हात नव्वद अंशाच्या पुढं पिरगाळला तर पंच लगेच थांबवतो, आणि ह्यांच्यात तेच्यावरच जिंकत्यात.

हिंजवडी_ते_सातारा

कृष्णाकाठ दादा, पुढचं पण सांगा की. त्या पुण्याच्या स्पर्धेचं. मी होतो तिथं.

कृष्णाकाठचा_गडी

तू हितं पण हायस व्हय. बरं सांगतो, पोराच्या कामाला येईल.

गेल्या साली पुण्यात एक नो-गी स्पर्धा होती, म्हणजे किमोनो न घालता, टीशर्ट आणि चड्डीवर. आमच्या जिममधल्या पोरांनी डोकं खाल्लं म्हणून नाव दिलं. समोर कोण, तर चष्मा काढून बॅगेत ठेवून आलेला आयटीतला पोरगा, मान बघितली तर माझ्या मनगटाएवढी. मला हसू यायला लागलं. हात लागले आणि मी पट काढला, म्हणजे पाय धरून ओढला, गडी दोन सेकंदात खाली. माझे दोन गुण. आमची पोरं बाहेरनं चितपट चितपट म्हणून नाचायली. आणि तो पाठीवर पडून माझ्याकडं बघतोय निवांत, जसं काय घरात खाटेवर पडलाय. आपली कुस्ती संपली म्हणून मी पण अर्धा सेकंद ढिला पडलो, तेवढ्यात त्यानं दोन्ही पायांनी माझी कंबर आवळली. सुटायला गेलो तर माझा एक हात त्यानं छातीला दाबून धरलेला, ढुंगण हलवलं आणि मीच कलंडलो.

आता हितं खरी गंमत हाय. माझी पाठ लागणार म्हणल्यावर अंगातली पंधरा वर्षं एकदम जागी झाली. वस्तादनं काठी घेऊन शिकवलेलं, काय वाट्टेल ते होऊ दे पण पाठ लागू द्यायची नाय. मी फिरलो पोटावर, हात आत घेतले, बसलो मातीला चिकटल्यासारखा. कुस्तीत असा बसलेला पैलवान उलटवायचा म्हणजे समोरच्याचा घाम निघतो. त्यानं उलटवायचा प्रयत्नच केला नाय. मागनं दोन्ही पाय माझ्या मांड्यात अडकवले, एक हात हनवटीखालनं घातला आणि झालं. डोळ्यापुढं जरा काळं दिसायला लागलं तसा मॅट थोपटला, म्हणजे हार मानली. एक मिनिट चाळीस सेकंद. परत येताना गाडीत कुणी एक शब्द बोलला नाय, खंबाटकीच्या घाटात पण नाय.

म्हणजे बघ, आपण आयुष्यभर पाठ लागू नये म्हणून जपतो आणि त्यांना आपली पाठच पाहिजे आसती. तू पण चार वर्षं मातीत होतास, तुझ्यात पण हे मुरलेलं आसणार. भावाला विचार, दाबला की तू पोटावर फिरतोस का नाय.

कोडोलीचा_पोरगा

दादा फिरतो. प्रत्येक वेळी. मला वाटायचं की तेच बरोबर आहे आणि पुस्तकात फोटोतला माणूस पाठीवर पडलेला असायचा तेव्हा वाटायचं ही काहीतरी प्रॅक्टिसची सोय असेल.

हिंजवडी_ते_सातारा

ती सोय नाही मित्रा, तोच मुख्य मुद्दा आहे. पाठीवर पडून पाय समोरच्याच्या आणि आपल्या मध्ये ठेवायचे याला गार्ड म्हणतात आणि ब्राझिलियन पद्धतीत निम्मं आयुष्य तिथं जातं.

माझी ओळख, मूळचा शाहूपुरीचा, नोकरी हिंजवडीत, ब्लू बेल्ट आहे, साडेतीन वर्षं झाली सुरू करून. कृष्णाकाठ दादांना हरवणारा मी नव्हे हे आधीच सांगतो, पण तो आमच्याच क्लबचा.

गुणांचं गणित कळलं की सगळं डोक्यात बसतं. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमात उभ्यानं पाडलं तर २, खालून उलटवलं तर २, गुडघा पोटावर रोवला तर २, समोरच्याचे पाय ओलांडून बाजूला आलास म्हणजे गार्ड पास केला तर ३, छातीवर स्वार झालास तर ४, आणि पाठीमागून दोन्ही पाय अडकवून बसलास तर तेही ४. प्रत्येक जागा तीन सेकंद टिकवायची. बघ आता, चितपटीला काहीच नाही, शून्य. तू कितीही झकास आपट, दोनच गुण, आणि पोटावर फिरून पाठ दिलीस की समोरच्याला चार. कुस्तीतून आलेले सगळे पहिले सहा महिने इथंच मार खातात. त्यानंतर मात्र त्यांना आवरणं अवघड होतं, कारण त्यांचा दम, पकड आणि वरून दाबायची ताकद आमच्यासारख्या खुर्चीवाल्यांकडे नसते. दादांनी नंतर क्लबला येऊन जो काही धुमाकूळ घातला तो त्यांनी सांगितला नाही बघा.

पुस्तकाबद्दल. तू जे आणलंयस त्याची रचनाच पट्ट्यांप्रमाणे आहे. पांढऱ्याला तग धरणं, निळ्याला सुटका, जांभळ्याला गार्ड, तपकिरीला गार्ड ओलांडणं आणि काळ्याला सगळ्यात शेवटी सबमिशन, म्हणजे आवळणं नि पिरगाळणं. आणि तू शेवटच्या पानापासून सुरू केलंस. म्हणजे स्वयंपाक येत नाही आणि पहिल्या दिवशी पुरणपोळी. पहिला भाग परत उघड, त्यात हात कुठं ठेवायचे, कोपर अंगाला कसं चिकटवायचं, खाली दबलेला असताना घाबरायचं नाही एवढंच आहे, दिसायला अत्यंत कंटाळवाणं, पण भावाचा खांदा शाबूत राहील.

पुस्तकावरून शिकता येतं का तर येतं, पण कुणीतरी मॅटवर एकदा दाखवलेलं असेल तर. मी असं करतो की क्लासमध्ये जे दाखवलं ते घरी येऊन पुस्तकात शोधतो, आणि फोटोत नेहमी हातांऐवजी कमरेकडे बघतो, कारण हात सगळ्यांनाच दिसतात. एक पान एक आठवडा. दोघांनी आळीपाळीनं आधी अजिबात विरोध न करता, मग थोडा विरोध, मग फक्त त्याच जागेवरून सुरू करून दोन मिनिटं खरं. समोरचा सुटला किंवा अडकला की परत त्याच जागेवर. पूर्ण कुस्ती धरायला जाऊच नका गच्चीवर.

पोवईनाका_एक्सप्रेस

२०२५ मध्ये पुस्तक? यूट्यूबवर सगळं फुकट आहे भाऊ

हिंजवडी_ते_सातारा

आहे ना, तोच तर घोळ आहे. यूट्यूबवर एका रात्रीत चाळीस डाव बघून झोपतो आणि सकाळी एकही येत नाही. पुस्तकाला एक गुण आहे, ते पुढचा व्हिडिओ आपोआप लावत नाही.

कोडोलीचा_पोरगा

😄 खरंय. पण क्लबचं सांगा ना कुणीतरी. पुण्याला जायचं तर कसा ओळखायचा चांगला क्लब, परत मनगट सोडवून टाळ्या वाजवायला एकशे दहा किलोमीटर जायचं नाही मला.

हिंजवडी_ते_सातारा

सोपं आहे, आधी एक दिवस नुसता जाऊन बस. तासाच्या शेवटी लोक खरंखुरं धरतात का ते बघ, त्याला रोलिंग म्हणतात, ज्या क्लासात रोज रोलिंग नाही तिथून उठायचं. मग बघ की काळा किंवा तपकिरी पट्टेवाला नवीन पोराबरोबर कसा वागतो, त्याला चिरडतो का खेळवतो. मॅट रोज पुसतात का ते विचार, नायटा आणि पुळ्या इथूनच येतात, तालमीत मातीत हळद ताक तेल असतं इथं नुसतं रेक्झिन. मास्तरांना पट्टा कुणी दिला हे सरळ विचार, ब्राझिलियनमध्ये हा प्रश्न कुणाला अपमान वाटत नाही, उलट आवडीनं सांगतात. आणि पट्टा किती दिवसांत मिळतो ते विचार. पांढऱ्यातून निळ्यात जायला साधारण दीड-दोन वर्षं लागतात, निळा सोळा वर्षांच्या आत देतच नाहीत, निळ्यावर महासंघाच्या हिशोबानं किमान दोन वर्षं काढायची मग जांभळा. कुणी वर्षात काळा देतो म्हणाला तर हात जोडून बाहेर.

वर्षाची फी एकदम भर म्हणून मागं लागले तरी थांब. मी पहिले आठ महिने दर वेळची फी देऊन गेलो.

ज्युडोवाल्या_ताई

नमस्कार. मी साताऱ्यातलीच, शाळेतल्या मुलामुलींना ज्युडो शिकवते, बरीच वर्षं झाली. वरची चर्चा वाचून राहवलं नाही.

आधी त्या मावसभावाचं बघा. खांदा वाजला आणि आठ दिवसांनी हात वर न्यायला दुखतोय म्हणजे तेल लावून घरी बसवू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. किमुरा हा खांद्याचा बंध आहे, त्याचं खरं नाव उदे-गारामी. १९५१ मध्ये मासाहिको किमुरा या ज्युडोपटूनं रिओच्या माराकाना मैदानात ब्राझीलच्या हेलिओ ग्रेसीवर तो लावला, हेलिओ काही केल्या थोपटेना, शेवटी त्याच्या कोपऱ्यातल्या माणसानं टॉवेल टाकला. तेव्हापासून ब्राझीलवाल्यांनी त्या डावाला हरवणाऱ्याचंच नाव दिलं, मला हे त्यांचं फार आवडतं. पण मुद्दा असा की हेलिओसारखा माणूस थोपटत नाही म्हटल्यावर तुमचा मावसभाऊ तर सातारी आहे, तो थोपटणार आहे का? आमच्याकडे पहिल्या दिवशी पहिली गोष्ट थोपटायची शिकवतो, हातानं, पायानं, तोंडानं ओरडून, आणि दुसरी गोष्ट थोपटल्याक्षणी सोडायची. बंध लावताना सावकाश, तीन आकडे मोजून. गळ्याचं तर विचारूच नका, मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा बरोबर दाबल्या तर आठ-दहा सेकंदांत शुद्ध जाते, श्वास कोंडायची वाट बघावी लागत नाही. गच्चीवर तिसरा माणूस नसताना गळा बंद. पान धरायला नको, बघायला पाहिजे तो तिसरा.

दुसरं, तुम्ही साताऱ्यात ज्यु-जित्सू शोधताय आणि सापडत नाही म्हणताय, पण ज्युडो तुमच्या शेजारी आहे. दोन्ही एकाच घरचे. जिगोरो कानो तरुणपणी जुन्या जुजुत्सूच्या दोन शाळांत शिकले, तेन्जिन शिन्यो आणि कितो, आणि १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात बारा चटयांवर स्वतःचं कोडोकान काढलं. त्यांच्याच कोडोकानचा मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला, त्याच्याकडे ग्रेसींच्या घरातला थोरला शिकला. तेव्हा बाहेरच्या देशांत लोक ज्युडोलाही जुजुत्सूच म्हणायचे, म्हणून तिकडे ते जुनं नाव चिकटून राहिलं. आपल्याकडेही हे काल आलेलं नाही बरं का, रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये ताकागाकी नावाच्या जपानी शिक्षकांना शांतिनिकेतनात ज्युडो शिकवायला बोलावलं होतं. शोधताना जुजुत्सू, ज्यु-जित्सू, जिउ-जित्सू सगळ्या तऱ्हांनी शोधा, प्रत्येक जण वेगळं लिहितो. जू म्हणजे मऊपणा, नमतं घेणं, जुत्सू म्हणजे कला.

माझ्याकडे आलात तर मी तुम्हाला पहिला महिना फक्त पडायला शिकवीन. हसू नका. मातीत पडणं वेगळं, मातीला पोट असतं. मॅटवर पाठीवर पडताना हनवटी छातीला, हात अंगापासून थोडा लांब आणि तळव्यासकट आपटायचा, म्हणजे डोकं वाचतं. तुमची ती गादी आणि सतरंजी सगळ्यात वाईट, सतरंजी सरकते आणि दोन गाद्यांच्या फटीत पाय मुरगळतो. आमची ज्युडोची मॅट चार सेंटिमीटर जाड असते, टणक, आणि सरकत नाही.

अडचणी पण सांगते. तुमचा पट आमच्याकडे चालणार नाही. २०१० पासून थेट पाय धरायला बंदी यायला लागली आणि २०१३ नंतर उभ्यानं हात कमरेखाली गेला की शिक्षाच. त्यामुळे तालमीतून आलेली मुलं पहिल्या स्पर्धेत हमखास शिक्षा घेतात, मग मला रुसून दाखवतात. धोबीपछाड मात्र खुशाल मारा, आमचा सेओई-नागे त्याचाच भाऊ, कुस्तीतल्या ढाक डावाचेही नातेवाईक आहेत. आणि खाली गेल्यावर पंच फार वेळ देत नाहीत, काही घडत नाही दिसलं की उभं करतात. पण वीस सेकंद पाठीवर दाबून धरलं तर कुस्तीसारखा निकाल लागतो, तिथं तुम्हाला घरच्यासारखं वाटेल.

कृष्णाकाठचा_गडी

ताई नमस्कार. मातीला पोट असतं हे लय भारी बोललासा.

ज्युडोवाल्या_ताई

माझे वडील तालमीतले होते, त्यांचं वाक्य आहे ते.

करंजे_बाबा

मधेच विचारतो, माझी मुलगी नववीत आहे, तिला घालावं का? आणि ग्रेस मार्क मिळतात का याचे? एका क्लासवाल्यानं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट देतो म्हणून बरेच पैसे सांगितलेत.

ज्युडोवाल्या_ताई

मुलीला नक्की घाला, पण सर्टिफिकेटसाठी नको. ग्रेस गुण असोत नाहीतर नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, खेळ कुठला, स्पर्धा कुणी भरवली, ती संघटना मान्यताप्राप्त आहे का आणि पातळी कुठली यावर सगळं ठरतं, नोकरीच्या वेळी तर प्रमाणपत्राची पडताळणी होते. नुसतं इंटरनॅशनल छापून काही होत नाही. पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन त्या खेळाचं आणि संघटनेचं नाव दाखवून विचारा, पंधरा मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे रडत आलेले पालक मी बघितलेत. ज्यु-जित्सूत तर एकाच नावाखाली दोन-तीन वेगळे खेळ चालतात. जागतिक ज्यु-जित्सू महासंघाच्या स्पर्धेत फायटिंग, ड्युओ आणि ने-वाझा असे प्रकार असतात, फायटिंगमध्ये ठोसे लाथांपासून सुरुवात, ड्युओत जोडीनं ठरवून दाखवायचं, ने-वाझा म्हणजे जमिनीवरचं, हिंजवडीकर करतात त्याच्या जवळचं. एशियन गेम्समध्ये २०१८ ला जकार्तात ज्यु-जित्सू पहिल्यांदा आलं. मुलगी नेमकं काय खेळणार ते क्लासवाल्याला विचारा, त्याला सांगता आलं नाही तर तुमचं उत्तर मिळालं.

आणि मुलींचं म्हणाल तर पहिली महिला महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं मारली. तेव्हा मुलगी आहे म्हणून घालावं का हा प्रश्न आता राहिला नाही.

कोडोलीचा_पोरगा

ताई, दादा, सगळ्यांचे आभार. तीन दिवस लिहायला जमलं नाही, नाईट होती.

अपडेट देतो. भावाला डॉक्टरांकडे नेलं, स्नायू ताणलाय, फाटलेलं काही नाही, तीन आठवडे आराम. मावशीनं बंदी अर्धी उठवलीय, म्हणजे चहा मिळतो पण गच्चीचा जिना बंद. पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. काल नाईटला जेवणाच्या सुट्टीत वाचत बसलो तर सुपरवायझर म्हणाला कुठल्या परीक्षेची तयारी चाललीय, म्हणलं तग धरायची.

एक प्रॉब्लेम, मला खरंच पाठीवर पडून राहता येत नाही. एकट्यानं गादीवर पडून पाय वर घेऊन बघितलं तरी लाज वाटते, कुणीतरी तालमीतलं बघेल असं वाटतं. आणि स्पर्धेचं राहिलं, ६९ किलो म्हणजे ७० च्या गटात बसतो ना?

हिंजवडी_ते_सातारा

इथंच सगळे फसतात. महासंघाच्या नियमात किमोनो घालून वजन होतं, आणि ते पण मॅटवर जायच्या थोडंच आधी. किमोनो दीड-दोन किलोचा धर, म्हणजे तू ७१ च्या आसपास. ७० चा फेदर गट हुकला, पुढचा लाईट ७६ पर्यंत. आदल्या दिवशी वजन देऊन रात्री मटण चापायची सोय नाही. आपल्याकडच्या सगळ्या स्पर्धा तोच नियम लावतात असं नाही, माहितीपत्रक नीट वाच, किमोनोसह का विना ते विचार, पण पहिल्या स्पर्धेला वजन तोडायच्या भानगडीत पडूच नको. ७६ मध्ये खेळ, हरलास तर मोठ्या गड्याशी हरलो म्हणून सांगायला बरं.

किती दिवसांनी उतरावं म्हणशील तर मी सहा महिन्यांनी उतरलो आणि हरलो, वर्षानं उतरलेले मित्र पण हरले, मग लवकर हरलेलं काय वाईट. पांढऱ्या पट्ट्याची लढत पाच मिनिटांचीच असते. फक्त पांढऱ्याला पायाच्या बंधांपैकी घोट्याचा सरळ बंधच चालतो, टाच पिरगाळायची नाही, पुस्तकात दिसलं म्हणून लावून बसशील आणि बाद होशील. किमोनो ताईंकडचा ज्युडोचा चालेल सुरुवातीला, पांढरा, निळा किंवा काळा असला की झालं.

येण्याजाण्याचं म्हणशील तर महिन्यातले दोन रविवार सकाळची विनाथांबा पकड, स्वारगेटला उतर, मी घ्यायला येतो. बाकीचे दिवस ताईंकडे जा. उभ्याचं आणि पडायचं तिथं, खालचं माझ्याकडे.

ज्युडोवाल्या_ताई

मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी मोठ्यांची बॅच असते, निरोप पाठवा, पत्ता देते. पुस्तकच वाचायचं असेल तर माझ्याकडे कानोंचं कोडोकान ज्युडो आहे, इंग्रजी. न्यायला देणार नाही, इथं बसून वाचा, मागच्या वेळी दिलं ते परत आलं तेव्हा त्यात चहाचे डाग होते आणि सेओई-नागेचं पान गायब.

कृष्णाकाठचा_गडी

लाजेचं मी सांगतो भावा, कारण ती लाज मी खाल्लीय.

पुण्याच्या त्या स्पर्धेनंतर चार महिने मी पण पाठीवर पडायला तयार नव्हतो. पडलो की कानात वस्तादचा आवाज. मग एक दिवस वस्तादलाच जाऊन सांगितलं, म्हातारा आता ऐंशीच्या घरात, वाटलं काठी काढतोय. त्यानं निवांत ऐकून घेतलं आणि खाशाबांचं सांगायला लागला. खाशाबा जाधव तुमच्याच जिल्ह्यातले, कराडजवळ गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा आयुष्य सगळं मातीत गेलेलं, मॅट नवी, नियम नवे, सहावे आले. ते नियम शिकले आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले. वस्ताद म्हणला नियम बदलला की पैलवान नवा, आणि नव्यानं पडायला लाजायचं कशाला. वर म्हणला की मला दाखव ते पाठीवरचं. ऐंशीच्या म्हाताऱ्यासमोर आखाड्यात पाठीवर पडून पाय वर केले मी, पोरं सगळी बघायलीत. म्हातारा दोन मिनिटं बघत बसला आणि म्हणला, ह्यात आपला एकलंगी डाव घातला तर? मला उत्तर आलं नाय. अजून येत नाय. हिंजवडीकर तुला येत आसंल तर सांग.

आता कामाचं. कराडात माझ्या मेव्हण्याची जिम हाय, मागच्या खोलीत चार सेंटीवाली मॅट टाकलीय. तुला साताऱ्याहनं पन्नास किलोमीटर, मला जरा जास्त. पुण्याचा रविवार नसेल त्या रविवारी सकाळी आठला ये, आणखी दोघं-तिघं येत्यात, एक इस्लामपूरचा हाय तो जांभळ्या पट्ट्याकडं शिकून आलाय. पैसे बिसे काय नाय, चहा तू पाज.

हिंजवडी_ते_सातारा

एकलंगीचं मला पण माहीत नाही दादा, रविवारी करून बघू, मी पण येतो.

कोडोलीचा_पोरगा

दादा नक्की येतो. भाऊ पण म्हणतोय मी येणार, खेळणार नाही नुसता बघणार. काय घेऊन येऊ?

कृष्णाकाठचा_गडी

हातापायाची नखं कापून ये, टॉवेल आण, कंदी पेढे आणलेस तर कोण नको म्हणणार नाय. भावाला आण, बसवू खुर्चीवर, पान धरायला माणूस पाहिजेच होता तुला. आणि आईची सतरंजी तेवढी घरी ठेव.